पाणी कमी सांगणारा

लोरोपिल गावात नाफताली लेकिरेनला सगळे ‘पट्टीवाला’ म्हणत. बारिंगो तळ्याच्या दक्षिण काठावर, जुन्या धक्क्यापाशी, पाण्यात एक लोखंडी खांब रोवलेला होता आणि त्यावर आकडे घातलेली पांढरी पट्टी होती. रोज सकाळी नऊ वाजता नाफतालीने तिथे जायचे, पाणी कोणत्या आकड्याला टेकले आहे ते पाहायचे आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत तारीख घालून उतरवायचे. महिनाअखेर त्याची नक्कल मारिगाटच्या कचेरीत पोचवायची. १९८६ साली, सातवी शिकलेला गावातला एकटाच रिकामा तरुण म्हणून त्याला हे काम मिळाले, आणि पुढच्या सत्तावीस वर्षांत त्याने दुसरे केले नाही. मुलगी नासिएकू जन्मली त्या सकाळीही तो नऊ वाजता धक्क्यावर होता. त्याची बायको नोलारी ही गोष्ट सांगताना इतक्या वर्षांनीही आवाज चढवी.

पाणी मोजण्याचे काम त्याच्या घरात नवे नव्हते. त्याचे वडील पाटाच्या पंचांपैकी एक होते. नदीवर काट्याकुट्यांचा बांध घालून काढलेले ते पाट, आणि त्यांच्या वाटणीचे पंच, त्याच्या चामुस लोकांत फार जुने. वाटणी सुरू होण्यापूर्वी पंचांतला एक जण पाटाच्या मुखाशी पाण्यात उभा राही आणि ओरडून माप सांगे: घोटा, नडगी, गुडघा, मांडी, कंबर. खालच्या शेतांतली माणसे त्या हाकेवरून किती वाफे पेरायचे ते ठरवीत. म्हणून लोरोपिलच्या पंचांत असा दंडक होता की हाक देणाऱ्याने पाणी नेहमी एक पायरी कमी सांगावे. गुडघाभर असेल तर नडगी म्हणावे, मांडीभर असेल तर गुडघा. जास्त सांगितले आणि मागून पाणी आटले, तर पेरलेले जळते आणि कुणाच्या तरी घरी भूक येते. कमी सांगितल्याने कुणाचे वाईट होत नाही. लहानपणी एकदा नाफताली वडिलांशेजारी पाण्यात उभा होता, आणि उत्साहाच्या भरात तोच ‘मांडी!’ म्हणून ओरडला. वडिलांनी त्याच्या तोंडावर हात दाबला होता. पंच मंडळी हसली, वडील हसले नाहीत.

तळे चढू लागले ते २०१०च्या अखेरीस. पहिले काही महिने लोकांना बरे वाटले, कारण मासे वाढले. मग कुरणे गेली. मग मतेंगेच्या काटेरी रानात पाणी शिरले आणि वाळलेल्या झुडपांचे सांगाडे पाण्यातून वर डोकावू लागले. पूर्वी मगरी धक्क्याच्या पलीकडे असत. आता त्या शेळ्यांच्या वाड्यापाशी दिसू लागल्या. रात्री शौचाला जाणारी बाई आधी काठी आपटून पाही. तळे का चढते आहे हे कुणाला सांगता येत नव्हते, आणि जे का होते ते कळत नाही ते कधी थांबेल हेही कळत नाही. लोरोपिलच्या माणसांच्या मनात भीतीने घर केले ते याच ठिकाणी; मगरीची भीती त्या मानाने लहान होती.

२०११च्या ऑगस्टात पाणी नाफतालीच्या झोपडीला लागले. त्याच सुमारास खांबावरची सर्वांत वरची पट्टीही बुडायला आली. त्याच्याकडे एक जादा पट्टी होती. काठावरच्या पिवळ्या सालीच्या बाभळीला ती ठोकायची आणि दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वाचून एकीचा हिशेब दुसरीला जोडायचा, असा नियम होता. पण पुढचे अकरा दिवस नाफताली शेळ्या, भांडी, छपराचे वासे आणि म्हातारी सासू वरच्या माळावर हलवीत होता. तो परत धक्क्यावर गेला तेव्हा खांबाचा माथा दिसेनासा झाला होता.

तरीही उपाय होता. काडिचवर बसून खांबापर्यंत जायचे आणि माथ्यावर किती पाणी आहे ते काठीने पाहायचे. काडिच म्हणजे हलक्या लाकडाच्या काड्या बांधून केलेला एका माणसाचा तराफा. दोन्ही हातांत लाकडी तळवे धरून तो वल्हवायचा. बसणाऱ्याचा अर्धा देह पाण्यातच असतो. त्याच आठवड्यात पाणी भरायला गेलेल्या एका बाईला मगरीने त्या धक्क्यापाशी ओढून नेले होते, आणि तिचे सापडले तेवढे गावाने पुरले होते. नाफताली अर्ध्या वाटेपर्यंत गेला. पुढे पाणी एका जागी नुसते गोल फिरताना दिसले. तेवढेच. तो वळला.

काठावर बसून त्याने स्वतःला विचारले, माथ्यावर किती पाणी असेल? कंबर वाटत होती, कदाचित छातीही. पण जे पाहिले नाही ते मोठे कसे सांगायचे? त्याने ‘गुडघा’ धरला. बाभळीवरची पट्टी त्या हिशेबाने ठोकली, आणि अकरा रिकाम्या दिवसांत सरळ चढत जाणारे अकरा आकडे भरले. वही स्वच्छ दिसली. आपण खोटे लिहिले असे त्याला त्या वेळी वाटले नाही. आपण पाणी कमी सांगितले, म्हणजे सावधपणा केला, असे वाटले.

दीड वर्षाने, २०१३च्या फेब्रुवारीत, विद्यापीठातून तीन माणसे आली. त्यांनी मिशनच्या आवारात तंबू ठोकला. जलशास्त्राचे डॉ. किलोंझो, झाडांचे प्राध्यापक बारासा आणि समाजशास्त्राच्या डॉ. अवुओर. मार्चअखेरीच्या मोठ्या पावसापूर्वी तळ्याभोवती एक सुरक्षित रेषा आखून द्यायची, असे त्यांचे काम होते. रेषेच्या खाली कुणी बांधायचे नाही, वर बांधायला हरकत नाही. बुडालेली शाळा आणि दवाखाना रेषेच्या वर पुन्हा उभे राहणार होते. जागा ठरली होती, पायाचे चर खणून झाले होते. नासिएकूची थोरली मुलगी त्याच शाळेत जायची होती.

नाफतालीला त्यांनी दुभाष्या म्हणून घेतले. किलोंझोंनी पहिल्याच दिवशी त्याच्या सत्तावीस वर्षांच्या वह्या टेबलावर रचल्या आणि वरच्या वहीवर हात ठेवून म्हणाले, “म्झे नाफताली, एकसुद्धा खाडा नाही! माझ्या खात्यात पगारी माणसं आहेत, आठवड्याचे आकडे एका बैठकीत लिहितात. तुमच्यासारखा एक माणूस दाखवा मला.”

म्झे म्हणजे वडीलधारा. किलोंझोंसारखा शिकलेला माणूस त्या शब्दाने आपल्याला हाक मारतो याने एरवी नाफताली सुखावला असता. त्या दिवशी तो रचलेल्या वह्यांत २०११ची वही कुठे आहे ते शोधत राहिला.

तिघांच्या कामाच्या रीती वेगळ्या होत्या. बारासा दिवसभर बुडून मेलेल्या बाभळींच्या बुंध्यांवरचे चिखलाचे डाग मोजीत हिंडत. अवुओर घरोघर बसून बायकांना विचारीत, पाणी तुमच्या घराला कोणत्या दिवशी लागले, कशावरून आठवते. अशा एकेचाळीस जणींच्या आठवणी त्यांनी नकाशावर मांडल्या. नोलारीची आठवण नाफतालीनेच गावच्या मा भाषेतून स्वाहिलीत सांगितली. ती म्हणाली होती, “नातीला लस टोचून आणली, तिला खाली ठेवलं आणि पाहते तर पाणी चुलीच्या दगडाला.” लसीच्या कार्डावर १९ ऑगस्ट अशी तारीख होती. चूल कुठे होती ते ठाऊक होते, आणि तिथल्या जमिनीची उंची जुन्या नकाशात होती. दुभाष्याचे काम करताना नाफतालीचा आवाज एकदाही हलला नाही.

तिघांचे निष्कर्ष एकत्र आले तेव्हा ते जुळेनात. त्या सकाळी तंबूत चहा होता, उकडलेला मका होता, आणि कापडावर टाचलेला किलोंझोंचा आलेख होता.

“तुमच्या बायका तळ्याला पाऊण मीटर वर चढवतात,” किलोंझो म्हणाले.

“माझ्या बायका नाहीत, लोरोपिलच्या आहेत,” अवुओर म्हणाल्या. “आणि हे बघा. ऑगस्टच्या आधी घर सोडलेल्या बारा जणी तुमच्या आलेखाशी बरोब्बर जुळतात. नंतरच्या एकोणतीस जणी चुकतात, आणि सगळ्या सारख्याच मापानं चुकतात. एका महिन्यात गावातल्या सगळ्या बायकांची आठवण बिघडते का हो?”

“बिघडते की. सप्टेंबरात मदतीचं धान्य सुरू झालं. ज्याच्या घरात पाणी आधी आलं त्याचं नाव यादीत वर. हे मी सांगत नाही, तुमच्याच विषयाची पुस्तकं सांगतात.”

अवुओरांनी नकाशा बाजूला सारला. पुस्तके खरोखरच तसे सांगत होती.

“बारासा, तुमची झाडं काय म्हणतात?” किलोंझोंनी विचारले.

बारासांनी मक्याचा दाणा दातातून काढला. “माझी झाडं खोटं बोलत नाहीत. पण तारीखही सांगत नाहीत. डाग बायकांच्या बाजूचा वाटतो. वाटतो म्हणालो, लिहून देणार नाही.”

“म्हणजे एकीकडे सत्तावीस वर्षांची रोजची नोंद, आणि दुसरीकडे वाटणं.” किलोंझो नाफतालीकडे वळले. “म्झे, तुम्हीच सांगा. वही चुकते का?”

विचारण्यात खोच नव्हती. ते हसत होते. नाफतालीने चहाचा पेला खाली ठेवला.

“वही... मी रोज लिहितो, साहेब,” तो म्हणाला.

उत्तर खरे होते आणि त्यात काही नव्हते. एकोणतीस जणींच्या आठवणी अहवालाच्या शेवटी ‘अविश्वसनीय’ म्हणून जोडाव्यात असे ठरले. अवुओरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिले. मग किलोंझोंनी रेषेचा हिशेब समजावून सांगितला. इतका पाऊस पडला की तळे इतके चढते, हे गेल्या दोन वर्षांवरून कळते. म्हणून येत्या मोठ्या पावसात ते आणखी फार तर अर्धा मीटर चढेल. म्हणून आजच्या पाण्यापासून तेवढ्या उंचीवर, थोडी सूट धरून, खुंट्या ठोकायच्या. उद्या सकाळपासून.

नाफताली ऐकत होता. दोन वर्षांत तळे जेवढे चढले असे वहीत होते, त्यापेक्षा ते पुष्कळ जास्त चढले होते. म्हणजे येत्या पावसातही ते वहीपेक्षा जास्त चढणार. लोरोपिलची जमीन ताटासारखी सपाट. अर्धा मीटर पाणी वाढले की शंभर घरे जातात. पाटावर पाणी कमी सांगितले तर माणसे कमी पेरीत आणि वाचत. इथे पाणी कमी सांगितले तर माणसे खाली घरे बांधणार होती. वडिलांचा दंडक त्याने चुकीच्या पाण्याला लावला होता, हे त्याला त्या तंबूत पहिल्यांदा नीट दिसले. आणि दिसल्याबरोबर त्याच्या मनात पहिला विचार आला तो शाळेचा नव्हता. सरकारी वहीत खोटे लिहिणाऱ्याला किती वर्षे आत टाकतात, हा होता.

दुपारी घरी आला तेव्हा नोलारी दारात वाळवलेले मासे पालथे करीत होती. तंबूतली बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. बायकांच्या बातमीला काडिच लागत नाही.

“आम्ही एकोणतीस जणी लबाड ठरलो म्हणे,” ती म्हणाली.

“लबाड नाही म्हणाले. अविश्वसनीय म्हणाले.”

“मग काय, गोड लागलं तुम्हाला? माझं बोलणं तुम्हीच त्यांना सांगितलंत ना, नासिएकूचे बाबा? की तिथंही एक पायरी कमी सांगितलंत?”

“जसंच्या तसं सांगितलं.”

“मग ते म्हणाले ही बाई धान्यासाठी बोलते, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

तिने आणखी दोन मासे उलटले.

“त्या दिवशी तुम्ही काठी घेऊन खांबाकडे गेलात,” ती खाली बघतच म्हणाली. “परत आलात तेव्हा काठी कोरडी होती. तीच मी चुलीत घातली, म्हणून माहीत आहे. ओली असती तर पेटली नसती.”

दीड वर्ष ती हे जाणून होती. नाफताली उंबऱ्यावर बसला.

“बोलली का नाहीस?”

“काय बोलू? त्या आठवड्यात त्या बाईला पुरलं होतं. माझा नवरा परत आला एवढं मला पुरे होतं. मला काय ठाऊक त्या काठीवर शाळा बांधणार आहेत?”

“तुरुंगात टाकतील, नोलारी.”

“टाकतील कदाचित.” तिने सूप उचलले. “मी डबा आणीन. पण नातीला त्या शाळेत मी पाठवायची नाही. आणि इतरांच्या नातींना काय सांगू, तेवढं सांगून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट्या ठोकायला सुरुवात झाली. लोखंडी खुंट्या, डोक्याला पिवळा रंग. पहिली ठोकली, दुसरी ठोकली. तिसरी शाळेच्या चरापासून वीस पावलांवर होती, चराच्या खालच्या अंगाला. म्हणजे शाळा सुरक्षित ठरत होती. गावातली काही माणसे पाहायला जमली होती. हातोडा वर गेला तेव्हा नाफताली पुढे झाला आणि त्याने खुंटीवर हात ठेवला. ठोकणाऱ्याने कसाबसा घाव वळवला.

“वेड लागलं का, म्झे?” किलोंझो ओरडले.

“खुंटी इथं नाही, साहेब. बाभळीवरची पट्टी मी अंदाजानं ठोकली. जुन्या खांबाशी गेलो नव्हतो. अकरा दिवसांचे आकडे घरी बसून भरले. बायकांचं खरं आहे.”

तो हे उभ्याने, एका दमात बोलला. नंतर तिथेच जमिनीवर बसला.

किलोंझोंच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याच्या आधी काहीतरी वेगळे येऊन गेले होते. काल हसत विचारलेला प्रश्न त्यांनाही आठवला असावा.

“किती?” त्यांनी विचारले. “फरक किती आहे?”

“ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही म्हणजे?”

“तिथं गेलोच नाही, तर ठाऊक कसं असणार?”

“मग सत्तावीस वर्षांच्या वहीचं मी काय करू? सांगा! भाकरी बांधू तिच्यात?”

“पंचवीस वर्षांची खरी आहे,” अवुओर मध्येच म्हणाल्या. “माझ्या बारा जणी तेच सांगत होत्या. फाटलंय ते एका जागी. शिवता येईल.”

“कशानं शिवता? त्यांच्या आठवणीनं?”

“आठवणीनं जागा सापडली, डॉक्टर. माप तुम्हाला घ्यावं लागेल.”

माप घ्यायचे तर जुन्या खांबाच्या माथ्यावर आज किती पाणी आहे ते पाहायचे आणि त्याच क्षणी बाभळीवरची पट्टी वाचायची. बुडालेल्या काटेरी रानातून इंजिनाची होडी जात नव्हती. काडिचच हवा होता. गावातल्या तरण्या माणसांकडे किलोंझोंनी पाहिले. कुणी पुढे आले नाही. मगरीने नेलेल्या बाईचा दीर, लेमांगी, हात बांधून उभा होता. तो म्हणाला, “पट्टी त्याची, खांब त्याचा, खोटंही त्याचंच. जाऊ दे की त्याला.”

नाफताली गेला.

त्याने काडिच पाण्यावर ठेवला आणि लाकडी तळवे हातांत घेतले. बारासा बाभळीखाली कमरेइतक्या पाण्यात पट्टीशी उभे राहिले. काठावर किलोंझो दुर्बीण घेऊन, अवुओर घड्याळ घेऊन. मेलेल्या झुडपांमधून वाट काढताना काटे त्याच्या दंडांना ओरबाडीत होते आणि रक्ताचा वास पाण्यात जातो आहे ही एकच गोष्ट त्याच्या मनात येत होती. धक्का कुठे होता ते त्याने मिशनचे छप्पर आणि समोरचा डोंगर एका ओळीत आणून ठरवले. तिथे पाणी तपकिरी आणि संथ होते. त्याने काठी खाली सोडली. चिखल. पुन्हा सोडली. चिखल. तिसऱ्यांदा काठीच्या टोकाला लोखंड लागले आणि तो दणका हातातून दंडापर्यंत आला.

“सापडला!” तो ओरडला.

“एक माप चालणार नाही!” किलोंझोंचा आवाज पाण्यावरून आला. “तीन घ्या. प्रत्येक वेळी काठी बाहेर काढून.”

पहिले माप त्याने ओरडून सांगितले. दुसऱ्यासाठी काठी वर काढली तेव्हा डाव्या हाताला, पाच-सहा काडिचांच्या अंतरावर, दोन गाठी पाण्यावर आलेल्या दिसल्या. ओंडक्यालाही गाठी असतात. पण या गाठींना पापण्या होत्या.

काठावरूनही ते दिसले असावे, कारण कुणीतरी किंचाळले आणि अवुओर “परत या, म्झे, पुरे झालं!” असे म्हणू लागल्या. दोन मापे पुरणार नाहीत हे किलोंझोंना ठाऊक होते, आणि ते सांगायचे धैर्य त्यांना त्या घटकेला झाले नाही. नाफतालीच्या तोंडात लोखंडाची चव आली होती. वळावे, वल्हवावे, जे होईल ते होवो, असे त्याच्या सगळ्या अंगाला वाटत होते. मागच्या वेळी हेच वाटले होते. त्याने काठी पुन्हा खाली सोडली, माथा शोधला, अंगठ्याने पाण्याची खूण धरली, वर काढली आणि आकडा ओरडला. मग तिसऱ्यांदा. गाठी हलल्या नाहीत. मग एकदम पाण्याखाली गेल्या. हे त्यांच्या दिसण्यापेक्षा वाईट होते. तिसरा आकडा सांगताना त्याचा आवाज फुटला आणि तो आकडा त्याला दोनदा सांगावा लागला.

तो काठाला लागला तेव्हा त्याला उतरता येईना. बारासांनी आणि लेमांगीने त्याला काखेत धरून ओढून घेतले.

खांबाच्या माथ्यावर दोन मीटर तेरा सेंटिमीटर पाणी होते. बाभळीच्या पट्टीप्रमाणे ते एक मीटर बत्तीस असायला हवे होते. फरक एक्क्याऐंशी. किलोंझोंनी तंबूत जाऊन आलेखाचा शेवटचा तुकडा तेवढा वर उचलून काढला, तेव्हा एकोणतीस जणींचे एकोणतीस ठिपके रेषेला येऊन बसले. नोलारीचा तर नेमका रेषेवर. बारासांनी आपल्या डागांची वही उघडली आणि आता लिहून द्यायला हरकत नाही म्हणाले. अवुओरांनी ‘अविश्वसनीय’ शब्द खोडला. त्या तिघांत त्या दिवशी विजय मिळाल्यासारखा कुणाचाच चेहरा नव्हता. प्रत्येकाने आपल्या विद्येच्या रीतीप्रमाणे सावधपणाच केला होता: एकाने कच्ची साक्ष बाजूला ठेवली, एकाने पुराव्यापलीकडे बोलायचे नाकारले, एकीने साक्षीमागे स्वार्थ असू शकतो हे मान्य केले. या तीन सावधपणांची बेरीज लोरोपिल बुडवायला पुरेशी होती. आणि चौथा सावधपणा नाफतालीचा.

नवी रेषा चारशे पावले मागे गेली. शाळेचा चर खाली राहिला. दवाखान्याचा चर खाली राहिला. पूर आल्यावर वरच्या माळावर नव्याने बांधलेली तेवीस घरे खाली राहिली. त्यांत नाफतालीचे होते आणि लेमांगीचेही. कचेरीकडे किलोंझोंनी जे घडले ते सगळे लिहून पाठवले, घरी बसून भरलेले आकडे आणि मगर दोन्ही. उत्तर आले की चौकशी होईपर्यंत नाफताली लेकिरेन याने वहीला हात लावू नये. चौकशी कधी होईल ते लिहिले नव्हते. मारिगाटच्या रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की तो अजूनही उभा राही.

गावाने त्याला क्षमा केली नाही. पाण्याने एकदा उठवले होते. आता कागदाने उठवले, असे लोक म्हणत. लेमांगी तोंडावर म्हणाला, “आधी तळं आलं, मग तू आलास. तुझ्या तोंडात तेव्हा मगर बसली होती काय?”

नोलारीने त्याच संध्याकाळी छपराचे गवत सोडायला घेतले. तिच्या मागोमाग बायका उठल्या. ती रेषा आपल्या सांगण्यावरून आखली आहे हे त्यांना माहीत होते आणि आपण काय पाहिले होते तेही. आठवड्याभरात तेवीसपैकी एकोणीस घरे हलली. चार राहिली. चारही घरांत पुरुषांनी नकार दिला होता. लेमांगीचे त्यांतले एक.

मार्चच्या शेवटी टुगेन डोंगरावर काळे ढग जमले. डोंगरात पाऊस लागला की दुसऱ्या दिवशी ओढे तळ्यात उतरतात. त्या दुपारी नाफताली लेमांगीच्या आंगणात गेला. लेमांगी जाळे विणीत होता. त्याने वर पाहिले नाही.

“यावेळी आकडा खरा कशावरून?” त्याने विचारले. “बोल. मागच्या वेळीही तूच लिहिला होतास.”

नाफतालीला सांगता आले असते की तीन मापे होती, तीन विद्वान होते, एकोणतीस बायका होत्या. त्याने ते सांगितले नाही, कारण तळे त्याहीपेक्षा जास्त चढणार नाही याची हमी त्यांतल्या कुणालाच देता येत नव्हती, आणि आता त्याला पाणी जास्तही सांगायचे नव्हते, कमीही नाही.

“इथवर येईल,” तो म्हणाला. “त्याच्या पुढचं मला ठाऊक नाही.”

“मग जा.”

“तू हललास की जाईन.”

तो छपराच्या वळचणीखाली, भिंतीला पाठ लावून खाली बसला. लेमांगीने जाळ्याची एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. डोंगराच्या बाजूने वारा सुटला होता आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. घरातून लेमांगीच्या बायकोने भांडी पोत्यात भरायला सुरुवात केल्याचा आवाज आला. लेमांगी ताडकन उठून दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. आत गेला नाही, ओरडलाही नाही. त्याची नजर डोंगरावरून तळ्याकडे आली, तळ्यावरून नाफतालीकडे.

“भिजशील तिथं,” तो म्हणाला. “तो वासा धर त्या टोकाला. एकट्याला उतरत नाही.”